आर्द्रा नक्षत्र लागलं की अडुळशाची काडी लावा

जून उजाडला की आमच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, कुणी ना कुणी हाक मारतंच, "काकू, चार काड्या द्या हो अडुळशाच्या." मी दापोली तालुक्यात राहते. घराच्या उत्तरेला पडक्या गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, लागून आमची अडुळशाची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, आहे, साठेक पावलं लांब. सासूबाईंनी लावलेली. त्या गेल्यापासून एकतीस वर्षं ती मी सांभाळते आहे. काड्या नेणाऱ्यांतले निम्मे पुढच्या वर्षी पुन्हा येतात, "मागच्या मेल्या" म्हणत. खरं तर अडुळसा नाजूक मुळीच नाही. पण लोक काडी कोवळी नेतात आणि पाणी तुंबेल अशा जागी खोचतात. ज्यांची जगते ते झाडाला कोयती लावायला धजत नाहीत, मग दोन-तीन वर्षांत खाली नुसत्या काटक्या आणि शेंड्याला चार पानं उरतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी झाड ओळखा. अडुळसा या नावाने दोन वेगळी झुडपं दिली जातात. औषधी म्हणून आपण ज्याला अडुळसा म्हणतो तो पांढऱ्या फुलांचा, शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. दुसरा काळा अडुळसा, म्हणजे जस्टिशिया जेंडारुसा. त्याची पानं अरुंद, देठ आणि फांद्या जांभळट-काळपट. तोही औषधात आहे, पण वेगळ्या कामासाठी. खोकल्यासाठी म्हणून तो लावू नका. माझ्या माहेरी एकदा रोपवाटिकेतून अडुळसा म्हणून आणलेली सहा रोपं दोन वर्षं वाढवली आणि फांद्या काळपट निघाल्या तेव्हा कळलं. म्हणून मी सांगते, रोप विकत आणण्यापेक्षा ज्याच्या घरी फुललेला पाहिलाय त्याच्याकडून काडी मागून आणा. अडुळशाची काडी कुणी नाही म्हणत नाही.

खऱ्या अडुळशाचं पान वीतभर लांब होतं, दोन्ही टोकांना निमुळतं, कडा साधी, दाते नाहीत. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि एक जोडी उभी तर वरची आडवी. फांदी हातात घेतलीत तर पेरापाशी बोटाला फुगीरपणा लागतो, सांधा सुजल्यासारखा. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, जिभेवर ठेवलं तर कडूजहर. या कडूपणामुळेच शेळ्या त्याच्या वाटेला जात नाहीत. अधाटोडा हे नावसुद्धा त्यावरूनच आलं: तमिळमध्ये आडू म्हणजे शेळी, तोडा म्हणजे न शिवणारी. लिनियसने 1753 साली झाडाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा दक्षिणेकडच्या माणसांचा हा शब्द तसाच उचलला. वईसाठी याहून चांगला गुण कुठला? काटेरी नाही, पोरांना ओरबाडत नाही, आणि गुरं-शेळ्या पाला सोडून पुढे जातात.

आता काडी. मृगाचा पहिला पाऊस पडला की लोक लगेच खोचायला धावतात. मी थांबते. मृगात आमच्याकडे दोन दिवस पाऊस आणि चार दिवस ऊन असं चालतं, त्या उन्हात नवी काडी वाळते. 21-22 जूनला आर्द्रा लागतं, तोवर पाऊस बसलेला असतो, आभाळ झाकलेलं असतं, माती आतपर्यंत भिजलेली असते. मग पुनर्वसूपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, काड्या लावायला हरकत नाही. देशावर जिथे पाऊस तुटक पडतो तिथे थेट जमिनीत लावू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत काड्या लावून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, आणि जून-जुलैत पाऊस धरला की जमिनीत हलवा.

काडी कुठली घ्यायची यात सगळं आहे. फांदीचा हिरवागार शेंडा घेऊ नका, तो पावसात कुजतो. बुडाची जाड, राखाडी झालेली लाकडासारखी काडीही नको, ती फुटायला फार वेळ घेते. मधला भाग घ्या, जिथे हिरवा रंग जाऊन साल पिवळट-करडी व्हायला लागली आहे. जाडी करंगळीएवढी, लांबी एक वीत, आणि तिच्यावर तीन ते चार पेरं हवीतच. वाकवून पाहा: थोडी वाकते आणि मग कट्कन मोडते, ती काडी योग्य. नुसतीच वाकत राहिली तर कोवळी, अजिबात वाकली नाही तर जून.

खालचा काप तिरका, पेराच्या लगेच खाली. वरचा काप सरळ, पेराच्या बोटभर वर. हे माझ्या सासूबाईंनी शिकवलं, आणि कारणही सांगितलं होतं: मुळं पेरापासून जोमाने फुटतात म्हणून खालचा काप पेराला लागून, आणि तिरका यासाठी की टोपलीत पन्नास काड्या टाकल्या तरी कुठलं टोक खाली हे चाचपून कळावं. उलटी लावलेली काडी लागत नाही. गोंधळ झालाच तर पानाच्या देठाची खूण बघा. डोळा नेहमी त्या खुणेच्या वर असतो. खालची पानं सगळी काढा, वरची एक जोडी ठेवा आणि तीही अर्धी कापा. पूर्ण पानं ठेवली तर मुळं नसलेल्या काडीतलं पाणी पानंच उडवून टाकतात. कोयती धारदार हवी. बोथट कोयतीने साल चेचते आणि तिथूनच कूज धरते. मी तर बागेची कात्री वापरते.

जमिनीत निम्मी काडी जाईल, म्हणजे निदान दोन पेरं मातीत असतील, अशी थोडी तिरपी खोचा. आधी लोखंडी सळीने भोक पाडून घ्या, काडी दाबून घुसवली तर साल सोलते. मग भोवतीची माती टाचेने घट्ट दाबा. आत पोकळी राहिली तर मूळ हवेत लोंबतं आणि वाळतं.

पुढचे तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात, इवली पानं दिसतात, आणि माणसाला वाटतं लागली! मुळं त्या वेळी बहुतेक नसतातच. काडीत साठवलेल्या अन्नावर ती पानं निघालेली असतात. अशा वेळी ओढून पाहिलं तर नुकतं फुटू लागलेलं पांढरं मूळ तुटतं आणि काडी गेली. दुसरी पानांची जोडी उघडून तिसरी दिसायला लागली की मग समजा मूळ धरलं.

जागेबद्दल माझा अनुभव फार वाईट आहे, तो सांगते. लग्नानंतर चौथ्या वर्षी वई पुढे वाढवायची म्हणून मी विहिरीकडच्या खोलगट पट्ट्यात चाळीस काड्या लावल्या. तिथे माती काळसर, भुसभुशीत, खूप चांगली दिसत होती. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत त्या पट्ट्यात घोट्याएवढं पाणी आठ-आठ दिवस उभं राहिलं. श्रावणात पानं पिवळी पडून गळाली, उपटून पाहिलं तर खालचा भाग काळा आणि बुळबुळीत. चाळीसपैकी तीन वाचल्या, त्या कडेच्या उंचवट्यावरच्या. वर गडग्याच्या कडेला जिथे जांभ्याचे खडे, तांबडी माती, हाताने खणवत नाही अशी जागा, तिथल्या एकूण एक जगल्या. अडुळशाला माती भारी नको, निचरा हवा. खडकाळ असेल, मुरमाड असेल, चालेल. सखलच जागा असेल तर वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा.

ऊन चार-पाच तास मिळालं तरी पुरतं. माडा-पोफळीच्या सावलीतही तो जगतो, पण सावलीत फांद्या लांबट होतात आणि फुलं कमी येतात. वई करायची तर दीड-दीड फुटांवर, दोन ओळी, एकीच्या काड्या दुसरीच्या फटींसमोर येतील अशा. परसात औषधापुरतं एखादंच झाड हवं तर त्याला चारही बाजूंनी तीन-तीन फूट मोकळे ठेवा, पसरतो. न कापता सोडला तर माणसाहून उंच जातो.

खत म्हणून जूनमध्ये दोन-तीन झाडांना मिळून एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि दिवाळीनंतर तेवढंच पुन्हा. युरिया घालू नका. पानं भराभर मोठी होतात पण मऊ, लिबलिबीत, आणि पावसात त्यांच्यावर तपकिरी ठिपके आधी येतात. कीड म्हणावी अशी फारशी येत नाही. ठिपके आले तर आतल्या दाट फांद्या काढून हवा खेळती करा, गळलेली पानं गोळा करा, एवढंच मी करते. पाणी पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून दोनदा घाला. पुढे आमच्या वईला न्हाणीचं सांडपाणी जातं तेवढ्यावर ती मे महिना काढते. पानं दुपारी मान टाकतात आणि सकाळी सावरतात, त्याने घाबरू नका. सकाळीही मलूल दिसली तर पाणी द्या.

आता छाटणी, ज्यात लोक कच खातात. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा. हो, एवढं कष्टाने जगवलेलं रोप खुडायचं जिवावर येतं, तरीही खुडा. शेंडा गेला की खालच्या प्रत्येक पेरातून दोन फांद्या फुटतात आणि झाड बुडापासून भरतं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मांडीएवढ्या उंचीवर सरसकट कापा. त्याच कापात तुम्हाला पुढच्या काड्या मिळतात. मग दरवर्षी एक कापणी जूनमध्ये, आणि वाटलं तर एक हलकी गणपतीच्या आधी. दसऱ्यानंतर कोयती लावायची नाही. अडुळशाला फुलं फांद्यांच्या टोकांकडे येतात, थंडीत शेंडा कापला की तो हंगाम गेला. आणि ज्यांची जुनी वई खाली उघडी पडून वर झिपऱ्या झाली आहे त्यांनी मेच्या शेवटी ती जमिनीपासून वीतभर ठेवून साफ कापून टाकावी. मी आमची अशी दोनदा कापली आहे. पहिल्या खेपेला यजमान आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नव्हते, आईच्या हातची वई गेली म्हणून. श्रावणात ती कमरेएवढी दाट झाली.

फुलं डिसेंबरपासून यायला लागतात, मार्चपर्यंत असतात. एकदा जवळ बसून बघा. टोकाला हिरव्या पानांसारख्या कवचांचा तुरा येतो, एकावर एक बसवलेला, आणि त्यातून एकेक पांढरं फूल बाहेर डोकावतं. फुलाला दोन ओठ. वरचा ओठ पुढे झुकलेला, खालचा रुंद, आणि खालच्याच्या गळ्याशी जांभळ्या-गुलाबी रेघा, बारीक कुंचल्याने काढल्यासारख्या. संस्कृतात याला सिंहास्य म्हणतात, सिंहाचा जबडा, ते फूल बाजूने पाहिलं की पटतं. सकाळी नऊच्या सुमाराला मोठे काळे भुंगे येतात. भुंगा खालच्या ओठावर बसतो तसं फूल त्याच्या वजनाने वाकतं, तो डोकं आत घालतो, आणि वरच्या ओठात दडलेले दोन केसर त्याच्या पाठीला घासतात. पाठीवर पांढुरकी भुकटी घेऊन तो पुढच्या तुऱ्यावर जातो. लहानपणी आम्ही ही फुलं तोडून मागच्या टोकाने चोखायचो. एवढ्या कडू झाडाच्या फुलात थेंबभर गोड मध असतो.

औषधासाठी पान तोडायचं ते शेंड्याची कोवळी दोन-तीन जोड्या सोडून, त्याखालचं. भरलेलं, गडद हिरवं, डाग नसलेलं. पिवळं पडलेलं किंवा खाली पडलेलं घेऊ नका. वाळवून ठेवायची तर धुऊन, पुसून, सावलीत कापडावर पसरा. उन्हात घालू नका. आठवडाभरात चुरचुरीत झाली की पत्र्याच्या डब्यात भरा. डबा उघडला की कडक चहासारखा वास आला पाहिजे. कुबट आला तर टाकून द्या.

ओल्या पानाचा रस काढताना अनेकांची फसगत होते. पान वाटून पिळलं तर थेंबही निघत नाही, ते पाणी सोडतच नाही. जुन्या वैद्यकात म्हणूनच याला पुटपाक सांगितला आहे: पाला ठेचून गोळा करायचा, मोठ्या पानात गुंडाळायचा, वरून मातीचा लेप देऊन विस्तवात भाजायचा, आणि मग पिळायचा. आजी चुलीच्या निखाऱ्यावर केळीच्या पानात गुंडाळून करायची. मी आता आठ-दहा पानं मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवते. पानं काळपट आणि मऊ होतात, मग वरवंट्याने ठेचून फडक्यातून पिळते. दोन-तीन चमचे दाट हिरवा रस निघतो. मोठ्या माणसाला दोन लहान चमचे रस तेवढ्याच मधातून, कफ सुटत नसेल तेव्हा, दोन-तीन दिवस, हा आमच्या घरचा रिवाज. मी यापुढे जात नाही. अरिष्ट, अवलेह ही वैद्यांची कामं, ती त्यांच्याकडूनच घ्यावीत.

पानात काही नाही असं कुणी म्हणू नये. अडुळशातलं वासिसीन हे द्रव्य अभ्यासूनच ब्रोम्हेक्सीन हे कफ पातळ करणारं औषध बनलं, आणि त्याचंच भावंड अँब्रोक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं छापलेली असतात. पण नेमकं यात खरं द्रव्य आहे म्हणूनच हात जपून ठेवायला हवा. गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, अजिबात नको. त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, आणि लहान मुलांना काहीही द्यायचं ते वैद्याला विचारून. जास्त घेतला तर मोठ्यांनाही मळमळतं, ओकाऱ्या होतात.

आणि हे फार कळकळीने सांगते. वासा, म्हणजे अडुळसा, क्षयावर रामबाण, असं जुनी माणसं म्हणतात. माझे धाकटे काका त्याच विश्वासावर तीन महिने घरचा रस घेत राहिले. खोकला मधून मधून बरा वाटायचा, वजन उतरत होतं, संध्याकाळी अंग तापायचं. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा दवाखाना गाठला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ते पूर्ण बरे झाले, पण त्या तीन महिन्यांत घरातल्या दोन मुलांना लागण झाली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि क्षयाची औषधं दोन्ही फुकट मिळतात. अडुळसा परसात असतोच, तो कुठे पळून जात नाही.

छाटणीत निघालेला पाला मी फेकत नाही. पूर्वी तो भाताच्या खाचरात चिखलणीच्या वेळी तुडवायचे, हिरवं खत म्हणून. आता बहुतेक जण गिरिपुष्पाचा पाला घालतात. मी माडांच्या आळ्यात घालते. केळीचा घड पिकत घालताना आजी खाली-वर अडुळशाचा पाला द्यायची, तसंच मीही करते. फळावर बुरशी धरत नाही.

भाची ठाण्याला सहाव्या मजल्यावर राहते. तिने विचारलं, कुंडीत होईल का? होतो. निदान बारा इंची, तळाला भोकं असलेली कुंडी घ्या. दोन भाग साधी माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. तीन काड्या एकाच कुंडीत लावा, जी सर्वांत जोमदार निघेल ती ठेवा, बाकीच्या कुणाला तरी द्या. खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका, पावसाळ्यात तर ताटली काढूनच टाका. बंद गॅलरीत वारा नसला की पानांच्या बगलेत पांढरा पिठ्या ढेकूण येतो. दिसला की ओल्या फडक्याने पुसा, मग साबणाच्या पातळ पाण्याने धुवा. दर जूनमध्ये गुडघ्याएवढं ठेवून कापा, आणि दोन वर्षांनी एकदा मुळं थोडी छाटून माती बदला.

तिच्यासाठी काड्या नेल्या तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून वरून केळीचं पान बांधलं होतं. एसटीने आठ तासांचा प्रवास, तरी ताज्या राहिल्या. असं बांधलं तर दोन दिवस सहज टिकतात, फक्त पाण्यात बुडवून ठेवू नका. तिसऱ्या थंडीत तिने फोटो पाठवला: गॅलरीच्या गजाला टेकलेला तुरा, त्यात तीन फुलं उघडलेली. भुंगा काही अजून वर पोचलेला नाही, म्हणाली. मी तिला कुंडी गजाच्या बाहेरच्या कट्ट्यावर, पक्की बांधून, सकाळच्या उन्हात ठेवायला सांगितलं आहे.